गाव सुटते तिथे थांबणारी गोष्ट

लीलबहादुर क्षेत्री यांची ‘बसाइँ’ ही नेपाळी कादंबरी धनबहादुर बस्नेत बायकोमुलाला घेऊन गाव सोडतो तिथे संपते. स्थलांतरावरची कादंबरी म्हणून तिची ओळख आहे. भारतातल्या नेपाळी साहित्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्या तर त्यांत तिचे नाव येतेच. आणि तरी स्थलांतर सुरू झाले की ती थांबते. धने (गाव त्याला याच नावाने हाक मारते) पुढे कुठे गेला, कुठल्या वाटेने सीमा ओलांडली, पहिल्या रात्री कोणाच्या खोलीत पथारी टाकली, पहिले काम कोणाच्या ओळखीने मिळाले, यांतले काहीच पुस्तकात नाही. आहे ते सगळे त्याआधीचे. कर्ज काढून घेतलेली म्हैस, तिच्यामागोमाग आलेले नुकसान, सावकार, पंचांसमोरचा तंटा, बहिणीची, म्हणजे झुमाची, एका शिपायाने केलेली फसवणूक. गावाशी बांधून ठेवणारा एकेक दोर तुटत जातो आणि शेवटी घर उठते.

१९५७–५८च्या सुमारास ही कादंबरी आली तेव्हा क्षेत्री जेमतेम पंचविशीत होते. ते आसामचे, जन्म गुवाहाटीचा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आसामातल्या ज्या नेपाळी वाचकाच्या हातात ‘बसाइँ’ पहिल्यांदा पडली असेल, त्याला ‘पुढे काय झाले’ असे विचारायची गरजच नव्हती. पुढे जे झाले ते तो स्वतः होता. त्याचे घर, त्याचा गोठा, ब्रह्मपुत्रेच्या काठच्या कुरणांवर गुरे घेऊन फिरलेला त्याचा आजा. त्याला माहीत नव्हते ते आधीचे: आपण इथे आहोत ते कशामुळे? कादंबरी त्याचे उत्तर देते आणि जिथे वाचकाचे स्वतःचे आयुष्य सुरू होते तिथे गप्प बसते. त्या वाचकापुरते ते गप्प बसणे अगदी चोख आहे.

पण अनुवादात पुस्तक जाते, वाचक जात नाही. मराठी, तमिळ किंवा इंग्रजी वाचकाकडे गोष्टीचा उत्तरार्ध नसतो. त्याच्यापुरते धनेचे कुटुंब डोंगराआड गेले की नाहीसे होते आणि हातात उरते एका सुंदर, दुःखी गावाची आठवण. मायकेल हट यांचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला. अनुवाद चांगलाच आहे, पण त्याचे शीर्षक आहे ‘माउंटन्स पेंटेड विथ टर्मरिक’, हळदीने माखलेले डोंगर. मूळ शीर्षकातला शब्द घरादाराचा, वास्तव्याचा आहे. ‘बसाइँ सर्नु’ म्हणजे मुक्काम हलवणे. इंग्रजी शीर्षकात निसर्ग आला आणि मुक्काम गेला. मराठीत ‘बिऱ्हाड’ हा शब्द तंतोतंत बसला असता, पण अशोक पवारांच्या आत्मकथनाने तो आपल्याकडे कायमचा घेतला आहे, आणि तो त्यांच्याकडेच शोभतो.

मुद्दा एका शीर्षकाचा नाही. नेपाळच्या डोंगरांतून भारतात (आणि पूर्वी तिबेटात, ब्रह्मदेशात, भूतानमध्ये) कामासाठी जाणाऱ्या माणसांवर नेपाळीत जे लिहिले गेले, ते इतर भाषांत बहुधा विरहाचे साहित्य म्हणून वाचले जाते. मागे राहिलेली बायको, धुके, परतीची वाट. या लेखनात आणखी काही आहे असे मला वाटते: सोबती, सावकार, निरोप्या, दलाल, गाववाला यांचे एक जाळे. ते कथानकाच्या कडेला उभे असते आणि कथानक मात्र तेच चालवते. मोजकी चार-पाच पुस्तके त्या अंगाने वाचून पाहावीत एवढाच इथला हेतू आहे.

आधी सीमेबद्दल थोडे, कारण ही सीमा आपल्याला सवयीने माहीत असलेल्या सीमांसारखी नाही. भारत आणि नेपाळ यांच्यात साडेसतराशे किलोमीटरची हद्द आहे आणि ती ओलांडायला दोन्ही देशांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. १९५० च्या मैत्री करारातील सातव्या कलमाने एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्तेची, व्यापाराची, फिरण्याची मुभा दिली. पाल्प्याचा माणूस बुटवलमार्गे सोनौलीला येतो, चालत पलीकडे जातो, गोरखपूरला रेल्वेत बसतो. आखातात किंवा मलेशियात जायचे तर नेपाळ सरकारची श्रम-परवानगी लागते. भारतासाठी ती लागत नाही आणि म्हणून परवानगीबरोबर येणारी नोंद, विमा, कल्याणनिधी यांतलेही काही वाट्याला येत नाही. जाणे इतके सोपे की ते जाणे कोणाच्या दप्तरी चढत नाही.

साहित्यावर याचा परिणाम होतो. बेन्यामिन यांच्या ‘आडुजीवितम्’मध्ये (२००८) नजीब विमानतळावर उतरतो, पासपोर्ट, व्हिसा, घ्यायला येणारा मालक, सगळे त्या एका ठिकाणी एकवटलेले असते, आणि तिथेच त्याचे नशीब फिरते. मल्याळम लेखकाला कथानकाला एक दार मिळते. नेपाळी लेखकाला ते मिळत नाही. नदीवरचा पूल, रिक्षांचा घोळका, एक पोलीस. म्हणून ‘सीमा’ नावाचा प्रसंगच या पुस्तकांत फारसा नसतो. गाव सुटणे हाच प्रसंग. मार्च २०२०च्या अखेरीस धारचुल्याचा पूल बंद झाला तेव्हा अडकलेल्यांपैकी काहीजणांनी महाकालीत उड्या घेतल्या आणि पोहत पलीकडचा, आपल्याच देशाचा काठ गाठला. तोवर त्या नदीवर दार आहे हे कुणाला फारसे आठवतही नव्हते.

दार नसले की कागदाचे काम माणसे करतात. कोणाबरोबर जायचे, कोणाकडे उतरायचे, पैसे कोणाच्या हाती धाडायचे, मेलो तर सांगणार कोण. या अंगाने पाहिले की देवकोटांचे ‘मुनामदन’ (१९३६) वेगळेच दिसू लागते.

कथा सर्वांना ठाऊक आहे. मदन कमाईसाठी ल्हासाला निघतो, मुना त्याला अडवू पाहते. ल्हासात त्याचा मुक्काम लांबतो. परतताना वाटेत त्याला पटकी होते, बरोबरचे लोक त्याला रानात टाकून पुढे जातात. एक भोटे त्याला उचलून घरी नेतो, बरा करतो, बदल्यात काही घेत नाही. इकडे मुनेवर डोळा असलेला एक गावगुंड मदन मेल्याचे खोटे पत्र धाडतो. मदन घरी पोचतो तेव्हा मुना गेलेली असते. नेपाळी समीक्षेने या काव्यातल्या भोट्याला डोक्यावर घेतले आणि ते योग्यच आहे. छेत्री मदनने भोट्यापुढे नम्र होणे १९३६ च्या काठमांडूत लहान गोष्ट नव्हती. पण भोट्याच्या झळाळीत त्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन दुवे झाकले जातात.

पहिला दुवा सोबत्यांचा. एकटा माणूस तिबेटच्या वाटेने जात नसे. सोबत हीच त्याची सुरक्षितता. ती सोबत एका आजारात तुटते. देवकोटा त्या माणसांना फारसे रंगवत नाहीत, नावे देत नाहीत, पण त्यांचा हिशेब वाचकाला कळतो: रोगी घेऊन थांबलो तर आपणही इथेच राहू. दुसरा दुवा पत्राचा. मुनेला नवऱ्याची बातमी मिळण्याचा मार्ग एकच, कोणीतरी आणून देईल तो. खरी बातमी आणणारे सोबती त्याला सोडून आलेले, म्हणजे ते मुनेच्या दारात यायला धजणार नाहीत. रिकाम्या जागेत खोटे पत्र शिरते. गावगुंडाला काही मोठे कपट करावे लागत नाही. निरोपाची वाट तुटलेली असते, तो फक्त तिथे उभा राहतो. मुना विरहाने मेली असे आपण म्हणतो. कथानक नीट पाहिले तर ती बातमीने मरते.

या काव्यामागे नेवारी लोकगीताची प्रेरणा आहे, लग्नानंतर थोड्याच दिवसांत ल्हासाला निघालेल्या व्यापाऱ्याचे गीत. मात्र नेवार व्यापारी ल्हासात असा निराधार नसे. त्यांच्या तिथे कोठ्या होत्या, आपसातली व्यवस्था होती, १८५६ च्या थापाथली तहाने मिळवलेले हक्क होते. तिथले जग आतून पाहायचे तर चित्तधर हृदय यांची ‘मिम्मनःपौ’ ही नेपालभाषेतली कादंबरी आहे. ल्हासातला व्यापारी काठमांडूतल्या बायकोला पत्र लिहितो आहे असा तिचा सगळा घाट. देवकोटांनी नेवाराचे दुःख घेतले आणि ते एका छेत्रीच्या पदरात घातले, ज्याच्यामागे कोठी नाही, पेढी नाही. जाळे काढून घेतले आणि माणूस ठेवला. म्हणून त्याला वाचवायला चमत्कार लागला, आणि तो चमत्कार म्हणजे भोटे, जो कुठल्याच नात्याच्या, देण्याघेण्याच्या गणितात बसत नाही. हे काव्याचे न्यून नव्हे. पण पुढच्या लेखनाला त्याने एक सवय लावली: परमुलखातला माणूस तिथे एकटाच असतो, आणि भेटतो तो एकतर देव किंवा दगा देणारा.

प्रत्यक्षात तसे नसते. सुझान थीमे यांनी नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडून दिल्लीत येणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला, २००६ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्यात दिसणारे जग मराठी वाचकाला फार परके वाटणार नाही. रात्री गल्लीत फिरायचे, सकाळी गाड्या धुवायच्या, घराघरातून महिन्याचे पैसे गोळा करायचे. ही चौकीदारीची जागा बाजारात मिळत नाही. ती गावच्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, कधी भावाला, कधी चक्क पैसे मोजून. दरमहा वर्गणी भरून आळीपाळीने रक्कम उचलायची त्यांची मंडळे असतात. आपण त्याला भिशी म्हणू. जीवन शर्मा यांचे २०१८ चे पुस्तक पश्चिम नेपाळच्या डोंगरांतून मुंबईत येणाऱ्या तरुणांबद्दल आहे, आणि त्यात तर सीमा ओलांडणे ही पुरुष होण्याची पायरीच आहे. जाताना रिकाम्या हाताची लाज, येताना भरल्या खिशाची भीती. वाटेत लुटणारे गणवेशातले असतात तसे बिनगणवेशाचेही.

आमच्याकडे गिरणगावात हेच होते. कोकणातल्या एकेका गावाची परळ-लालबागला खोली, त्यात पाळीपाळीने झोपणारे गाववाले, जेवायला खानावळवाल्या बाया, गिरणीत बदलीची जागा मिळवून देणारा जॉबर. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी जमवलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात ही व्यवस्था कामगारांच्या तोंडून येते. म्हणून चौकीदाराची विकली जाणारी जागा वाचताना मला समाजशास्त्राच्या आधी कादंबरी दिसते. गावी बाप आजारी, जागा कोणाला द्यायची? भाऊ फुकट मागतो, शेजारगावचा पैसे मोजतो. सहा महिन्यांनी परतल्यावर भाऊ जागा सोडेल का? यात मुनामदनइतकेच नाट्य आहे. मी इथे ज्या पुस्तकांबद्दल बोलते आहे त्यांत मात्र ते कुठेच नाही.

साहित्याने समाजशास्त्राचे काम का करावे, असे कोणी विचारील. करू नये. पण ‘मुनामदन’चे उदाहरण वर आहेच: सोबत आणि पत्र हे दोन दुवे काढले तर त्या काव्याला कथानक उरत नाही. जाळे हा माहितीचा भाग नाही, तो गोष्टीचा कणा आहे. लेखक त्याच्याकडे पाठ करून लिहितो तेव्हाही तो तिथे असतो.

गोविन्दराज भट्टराई यांच्या ‘मुगलान’मध्ये (१९७४) तो पाठमोरा राहत नाही. पलटणीत भरती होण्याची स्वप्ने घेऊन डोंगरातले तरुण निघतात, दलालांच्या तावडीत सापडतात आणि भूतानमध्ये रस्त्याच्या कामावर सक्तीच्या मजुरीला जुंपले जातात. कादंबरी तरुण वयात लिहिलेली आहे आणि ते जाणवते; करुणेचा सूर अनेक ठिकाणी ताणलेला आहे, योगायोगही बरेच. तरी तिने एक गोष्ट अचूक पकडली आहे: फसवणूक परक्या माणसाकडून होत नाही. आपली भाषा बोलणारा, आपल्या नात्याच्या शब्दांनी हाक मारणारा माणूसच पोरांना पुढे नेतो. जाळे आधार देते आणि त्याच धाग्यांनी बांधते, हे या कादंबरीइतके स्पष्ट मला अन्यत्र दिसले नाही.

इथे अनुवादाचा प्रश्न उभा राहतो. या माणसाला मराठीत काय म्हणावे? हात आपसूक ‘मुकादम’ या शब्दाकडे जातो. ऊसतोडीचे सगळे जग त्या शब्दामागे उभे आहे: उचल, टोळी, कोयता, बीडहून कोल्हापूरकडे आणि पुढे कर्नाटकच्या हद्दीतल्या कारखान्यांकडे जाणाऱ्या गाड्या. वाचकाला क्षणात कळेल. पण मुकादम दिवाळीनंतर टोळी नेतो आणि पावसाळ्याआधी परत आणतो. पुढच्या वर्षी त्याला त्याच गावात उचल वाटायची असते. त्याची पकड परत येण्यावर उभी आहे. ‘मुगलान’मधला दलाल परत येणारा नाही. त्याला मुकादम म्हटले तर त्या लबाडीला एक व्यवस्था मिळेल, जी त्या पोरांना कधीच मिळाली नाही. तिथे ‘दलाल’च ठीक. उलट नेपाळीतला ‘नाइके’, टोळीचा म्होरक्या, जो गावातूनच माणसे घेऊन येतो, त्याला मी न कचरता मुकादम म्हणेन.

शीर्षकाची गोष्ट आणखी मजेची. मुगलान म्हणजे मोगलांचा मुलूख. डोंगरातल्या बोलीत भारताला हे नाव मोगल साम्राज्य बुडाल्यावरही चिकटून राहिले. मराठीत त्याचे सख्खे भावंड आहे: मोगलाई. निजामाच्या हद्दीला पश्चिम महाराष्ट्रातली माणसे मोगलाई म्हणत. नगरच्या पलीकडे गेले की मोगलाईत गेले. दोन्ही शब्दांत ‘दुसऱ्याचे राज्य’ आहे आणि दोन्ही शब्द हद्दीवरच्या साध्या माणसांनी घडवले आहेत. पण मराठीत मोगलाईला अंदाधुंदीचा अर्थ चिकटला. ‘इथे काय मोगलाई लागून गेली आहे का’ हे आपण रागाने म्हणतो. मुगलानमध्ये भीती आहे तशी ओढही आहे. तिथे पैसा आहे, रेल्वे आहे, तिथून येणाऱ्याच्या मनगटावर घड्याळ असते. मोगलाईकडे कोणी घड्याळ आणायला जात नसे. म्हणून मी ‘मुगलान’ तसाच ठेवते आणि मराठी वाचकाला आतल्या आत मोगलाई ऐकू येऊ देते.

नावांचा हा खेळ सगळ्याच पुस्तकांत आहे आणि त्यातूनच एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. ‘लाहुरे’ हा शब्द लाहोरवरून आला. रणजितसिंहाच्या फौजेत गेलेले डोंगरी शिपाई लाहोरला जात, म्हणून लाहुरे. पुढे इंग्रजांच्या पलटणीत गेले तेही लाहुरे, आणि आता आखातात गेला तोही लाहुरेच. लाहोरशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘चाकरमानी’. कोकणी माणूस गणपतीला आणि शिमग्याला येतो, नेपाळी दसैंला. दोघांच्या पिशव्यांवर गावाचे डोळे असतात. ‘बसाइँ’मध्ये झुमाला फसवणारा शिपाई या झगमगाटावरच स्वार झालेला आहे. म्हणजे ज्या कादंबरीत परमुलूख दिसत नाही असे मी वर म्हटले, तिथे तो एका गणवेशाच्या रूपाने आधीच गावात येऊन नुकसान करून जातो. हे क्षेत्रींचे कौशल्य मान्य करायला हवे.

लाहुरे काय, चाकरमानी काय, हे शब्द मागे राहिलेल्यांनी घडवलेले आहेत. जाणाऱ्याला गाव काय म्हणते ते त्यांत आहे. तो जिथे पोचतो तिथले लोक त्याला दुसरे नाव देतात: गुरखा, बहादूर, कांछा. मराठीत ‘गुरखा’ हा जवळजवळ धंद्याचा शब्द झाला आहे. सोसायटीला गुरखा ठेवला असे आपण म्हणतो, आणि तो कधीकधी बिहारचाही असतो. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत हंगामभर राखण आणि मेहनत करणारे नेपाळी कामगार आता कोकणाच्या अर्थव्यवस्थेचा भाग आहेत. चाकरमानी मुंबईला गेले, बागा राखायला लाहुरे आले. दोन्ही शब्दांची गाठ एकाच वाडीत पडली आहे, पण मराठी साहित्यात ती अजून फारशी पडलेली दिसत नाही.

‘कांछा’ची कथा अधिक बोचरी आहे. नेपाळीत मुलांना जन्मक्रमाने हाक मारतात: जेठा, माइला, साइँला, काइँला, कांछा. हे घरातले शब्द परक्यालाही लावता येतात आणि सीमेपलीकडे त्यांच्यावरच तर नाते जुळते. अनोळखी माणसाला ‘दाजु’ म्हटले की तो थोरला भाऊ होतो, त्याच्या खोलीत चार रात्री राहण्याचा हक्क मिळतो. भारतातल्या हॉटेलांनी यातला शेवटचा शब्द उचलला आणि कपबशा धुणाऱ्या कुठल्याही पोराला लावला. आईने ज्या शब्दाने लाड केले त्याच शब्दाने मालक ओरडतो. अनुवादात काय करायचे? ‘धाकट्या’ लिहिले तर दुसरा अर्थ जातो, ‘कांछा’ ठेवले तर मराठी वाचकाच्या कानात हॉटेलच वाजते. मी संवाद गावात असेल तर ‘धाकट्या’ आणि हद्द ओलांडली की ‘कांछा’ असे करून पाहिले आहे. हे सगळ्यांना पटणार नाही. एकाच शब्दाला दोन प्रतिशब्द देणे शिस्तीच्या अनुवादकाला खपत नाही. पण हद्द त्या शब्दावरून जाते, माझा इलाज नाही.

बायकांबद्दल लिहिल्याशिवाय हे अर्धे राहील. मुना आणि मैना या दोन नायिका साधारणपणे वाट पाहणारी आणि सोसणारी म्हणून वाचल्या जातात. (मैना हे नाव वाचताना मराठी माणसाला अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आठवणारच. तिथे गावी राहिलेल्या मैनेच्या आडून बेळगाव-कारवारचा सीमाभाग बोलतो. ‘बसाइँ’ची मैना मात्र गावावर राहत नाही, बरोबर निघते, नेपाळी स्थलांतरकथेत हे विरळ आहे.) डोंगरातल्या शेतीत ‘पर्म’ नावाची रीत आहे, तुम्ही आज आमच्या शेतात, आम्ही उद्या तुमच्या, आपली सावड किंवा इर्जिक. पुरुष परमुलखात गेला म्हणून घराचे पर्म माफ होत नाही. ते बाई फेडते, स्वतःच्या अंगावर. सावकाराचे व्याजही तीच ऐकून घेते. म्हणजे परमुलखातल्या जाळ्याचे गावाकडचे टोक तिच्या हातात असते आणि ते सुटले तर नवऱ्याला परत यायला गाव उरत नाही. वाट पाहणे हे तिचे दिवसातले शेवटचे काम असणार, बाकीची उरकल्यावरचे. ही पुस्तके लिहिणारे सगळे पुरुष. त्यांना उंबऱ्यावर बसलेली बाई दिसली, शेतात पर्म फेडणारी कमी दिसली.

याला मोठा अपवाद इंद्रबहादुर राई. दार्जिलिंगच्या या कथाकाराची ‘जयमाया आफूमात्र लेखापानी आइपुगी’ ही कथा १९४२ च्या पळापळीची आहे. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्यावर तिथे स्थिरावलेली हजारो भारतीय आणि नेपाळी कुटुंबे रानावनातून, डोंगर ओलांडत आसामकडे चालत निघाली. लेखापानी आसामच्या पूर्व टोकाला, लिडोच्या जवळ. जयमायाचे कुटुंब त्या वाटेवर विरत जाते, आणि शेवट शीर्षकातच सांगून टाकला आहे. राई दुःखाचा सूर चढवत नाहीत. माणसे निघतात तेव्हा शेजारपाजार, गाडे, गुरे, ओळखीपाळखी असे सगळे गावच चालत असते. वाट जसजशी लांबते तसतशी कोण कोणासाठी किती थांबेल याची मर्यादा आखडत जाते. मदनच्या सोबत्यांनी एका वाक्यात जे केले ते इथे पायरीपायरीने घडते आणि कोणी दुष्ट असावे लागत नाही. भोटेही येत नाही.

या कथेत स्थलांतर उलटे आहे. सीमा ओलांडून जे जुळवले ते सीमा ओलांडून परत येताना तुटते, आणि जयमाया ज्या देशात पोचते तो तिच्या आजोबांचाही देश नव्हे. नेपाळ अजून दूर आहे. तिला कोणी लाहुरे म्हणणार नाही, चाकरमानी म्हणणार नाही, कारण तशी हाक मारणारे गाव तिच्यामागे नाही.

शीर्षकातल्या ‘आफूमात्र’ने मला बरेच दिवस छळले. ‘एकटीच’ हा सोपा शब्द आहे, पण ‘एकटी’ म्हटले की एकटेपणा येतो, संध्याकाळ येते, डोळ्यांत पाणी येते. ‘आफूमात्र’ तसे रडत नाही. त्यात मोजणी आहे. निघाले किती आणि पोचले कोण, एवढेच तो शब्द सांगतो. मराठीत अशी मोजणी करणारा शब्द आपल्याकडे आहे, आणि तो बोलीत रोज वापरला जातो: घरातले सगळे लग्नाला गेले, म्हातारी तेवढी मागे राहिली. मी तूर्त ‘जयमाया तेवढी लेखापानीला पोचली’ असे ठेवले आहे.